खाल्ल्या मिठाला कोणी जागायचे?

सरकारने लोकांच्या मिठात हात घालावा, ही गोष्ट या देशाला नवी नाही. परकी सरकारने मिठावर कर बसवला आणि समुद्राच्या पाण्यातून घरापुरते मीठ काढणे हाही गुन्हा ठरवला. १९३० साली दांडीपासून वडाळ्याच्या मिठागरांपर्यंत आणि शिरोड्याच्या किनाऱ्यापर्यंत हजारो माणसांनी तो कायदा मोडला, लाठ्या खाल्ल्या, तुरुंग भरले. स्वराज्याच्या उंबरठ्यावर, १९४७ मध्ये, तो कर गेला. पुढे स्वतंत्र भारताच्या सरकारने पुन्हा एकदा मिठात हात घातला. या वेळी कारण दिले ते लोकांच्या आरोग्याचे. गलगंड आणि आयोडीनच्या अभावाने होणारे इतर विकार टळावेत म्हणून खाण्याच्या साध्या मिठाच्या विक्रीवर १९९८ मध्ये देशभर बंदी आली, २००० मध्ये ती उठली आणि २००६ मध्ये पुन्हा लागू झाली. मिठात आयोडीन किती असावे, तर कारखान्यात दहा लाख भागांमागे तीस भाग आणि ग्राहकाच्या हाती पडताना किमान पंधरा भाग, इतका बारीक हिशेब सरकारने बसवला.

हा इतिहास येथे आठवावयाचा तो एवढ्यासाठी की, त्यातून राज्यसंस्थेची शक्ती कळते. गरिबाच्या स्वयंपाकघरातील डब्यात कोणते मीठ असावे हे ज्या सरकारला ठरवता आले, तपासता आले आणि न पाळणाऱ्यावर खटला भरता आला, त्याच सरकारला कारखान्यात भरल्या जाणाऱ्या खाद्यपदार्थांच्या पाकिटात मीठ जास्तीत जास्त किती असावे हे २०२५ साल संपेपर्यंत ठरवता आले नाही. इतकेच नव्हे, तर 'यात मीठ जास्त आहे' एवढे चार शब्द पाकिटाच्या दर्शनी बाजूवर छापण्याची सक्तीही त्याला करता आली नाही. विज्ञान अपुरे आहे किंवा यंत्रणा दुबळी आहे, ही या अपयशाची कारणे नव्हेत. घरातल्या मिठामागे कोणाचे भांडवल उभे नव्हते. पाकिटातल्या मिठामागे ते उभे आहे. सगळी मेख येथे आहे.

कामगाराच्या ताटातील बदल

पिंपरी-चिंचवड ते चाकण या औद्योगिक पट्ट्यात हा प्रश्न केवळ आहारशास्त्राचा राहत नाही, तो श्रमाचा प्रश्न होतो. याच पिंपरीत १९५४ साली हिंदुस्तान अँटिबायोटिक्स हा सार्वजनिक क्षेत्रातील औषधाचा कारखाना जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या साहाय्याने उभा राहिला. सामान्य माणसाला पेनिसिलिन परवडावे, म्हणून सरकार स्वतः उत्पादक झाले. त्यानंतर औद्योगिक विकास महामंडळाने जमिनी घेतल्या. आकुर्डी, चिंचवड, भोसरी येथे मोठे कारखाने आणि त्यांना सुटे भाग पुरविणारे असंख्य लहान कारखाने आले. त्या पिढीतील कामगार कायम नोकरीत होता, कामगार वसाहतीत किंवा गावातल्या घरात राहत होता, डबा घेऊन कामावर जात होता. त्या डब्यातील मीठ घरातल्या हाताने पडत होते आणि जास्त झाले तर सांगण्याची सोय होती.

१९९० नंतर उद्योगाचा भर चाकणकडे सरकला आणि कामगाराचे स्वरूपही पालटले. महाळुंगे, खराबवाडी, नाणेकरवाडी, मेदनकरवाडी, कुरुळी, निघोजे या गावांतून भाड्याच्या खोल्यांची वस्ती उभी राहिली. मराठवाडा, विदर्भ आणि उत्तरेकडील राज्ये येथून आलेली तरुण मुले एकेका खोलीत चार-पाच जण राहतात. कंत्राटी नोकरी, बारा-बारा तासांची पाळी, रात्रपाळीनंतरची मोडलेली झोप, आणि खोलीत चूल असली तरी ती पेटवण्यास नसलेला वेळ, हे त्यांचे जीवन. अशा जीवनात पाकीट शिरते ते चैन म्हणून नव्हे, जेवणाच्या जागी शिरते. दोन मिनिटांच्या शेवया, पाच-दहा रुपयांचे कुरकुरीत पदार्थ, शेव-भुजिया, खारी बिस्किटे आणि त्यावर चहा, असा आहार जेव्हा आठवड्यातून अनेकदा होतो, तेव्हा त्या माणसाच्या आहारातले मीठ तो स्वतः ठरवत नाही. ते दूरच्या कुठल्या तरी कंपनीच्या प्रयोगशाळेत ठरलेले असते.

या व्यवहाराची एक बाजू विशेष बोलकी आहे. आंबेगाव तालुक्यातील सातगाव पठारावरचा शेतकरी वेफर कंपन्यांशी करार करून बटाटा पिकवतो. बटाटा मराठी शेतकऱ्याचा, श्रम मराठी मजुराचे, आणि त्याचेच रूपांतर मीठ-तेल लावून, हवा भरलेल्या पाकिटातून त्याच जिल्ह्यातल्या कामगाराला विकले जाते. बटाट्याचा भाव आणि पाकिटातल्या बटाट्याचा भाव यांतील अंतर कोणाच्या खिशात जाते, हे सांगावयास अर्थशास्त्र लागत नाही. त्या व्यवहारातून उपजणाऱ्या रोगाचा खर्च कोणाच्या खिशातून जातो, हे मात्र सांगावे लागते, कारण तो खर्च कोणत्याही कंपनीच्या ताळेबंदात दिसत नाही.

मीठ इतके का?

जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढ माणसासाठी दिवसाला पाच ग्रॅमहून कमी मीठ, म्हणजे चहाचा एक चमचाही भरणार नाही इतके, पुरेसे मानले आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या संस्थेने २०१७-१८ मध्ये केलेल्या राष्ट्रीय पाहणीत भारतीय प्रौढांचे सरासरी सेवन दिवसाला आठ ग्रॅम आढळले, पुरुषांचे ८.९ आणि स्त्रियांचे ७.१. नोकरी-धंदा करणाऱ्यांचे सरासरी सेवन ८.६ ग्रॅम निघाले. म्हणजे जो राबतो तो सरासरीहून अधिक मीठ खातो. जास्त मीठ शरीरात पाणी धरून ठेवते, रक्तवाहिन्यांवरील दाब वाढवते आणि वर्षानुवर्षे वाढलेला दाब मेंदू, हृदय व मूत्रपिंड यांवर उठतो. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत पंधरा वर्षांवरील पुरुषांपैकी २४ टक्के आणि स्त्रियांपैकी २१ टक्के यांचा रक्तदाब वाढलेला होता किंवा ते त्यासाठी औषध घेत होते. अतिरिक्त सोडियममुळे जगात दरवर्षी सुमारे १९ लाख मृत्यू होतात, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे.

मग कंपन्या इतके मीठ का घालतात? कारण कारखान्याला उपलब्ध असलेल्या सर्व घटकांत चवीच्या मानाने सर्वांत स्वस्त घटक मीठच आहे. चांगले धान्य, ताजे तेल, खरा मसाला महाग पडतो. हलक्या मालाची चव झाकण्याचे काम मीठ फुकटात करते. ते पदार्थ टिकवते, प्रक्रिया केलेल्या मांसात पाणी धरून वजन वाढवते, तहान लावून शीतपेय खपवते. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे जिभेला सवय लावते. ज्या मुलाची जीभ लहानपणीच त्या खारटपणाला सरावली, त्याला घरची आमटी अळणी लागू लागते. एकट्या कंपनीने मीठ कमी केले तर गिऱ्हाईक शेजारच्या कंपनीकडे जाईल, ही भीती प्रत्येकीला असते. म्हणून स्पर्धेच्या नियमाने सर्वच कंपन्या खारट राहतात. येथे बाजार स्वतःहून सुधारणार नाही. सर्वांना एकाच वेळी लागू होणारा कायदा हाच त्यावरचा एकमेव उपाय आहे, कारण तो कोणाही एकीचे नुकसान न करता सर्वांचे मीठ उतरवतो.

छापलेले आणि न वाचता येणारे

"सर्व माहिती पाकिटावर छापलेली असते, ज्याने त्याने वाचून ठरवावे," हे उद्योगधंद्यांचे लाडके उत्तर आहे. ती माहिती कशी छापलेली असते ते पाहावे. एक तर ती मागच्या बाजूला, घडीत, मुंगीच्या अक्षरांत असते. दुसरे, तेथे 'मीठ' हा शब्द नसतो, 'सोडियम' असतो, आणि तो मिलिग्रॅममध्ये असतो. चारशे मिलिग्रॅम सोडियम म्हणजे एक ग्रॅम मीठ, हा गुणाकार मनात करील त्यालाच काही बोध होणार. समजा, पाकिटावर शंभर ग्रॅममागे ८०० मिलिग्रॅम सोडियम छापले आहे. ते दोन ग्रॅम मीठ झाले, म्हणजे दिवसाच्या मर्यादेच्या चाळीस टक्के. पण कंपनीने 'एका वेळचे प्रमाण' वीस ग्रॅम धरले की, तेच आठ टक्के होऊन बसते. पाकीट फोडणारा माणूस वीस ग्रॅम मोजून उरलेले बांधून ठेवतो, असे ज्या कोणाला वाटते त्याने चाकणच्या कोणत्याही टपरीपुढे अर्धा तास उभे राहावे.

तिसरी गोष्ट भाषेची. २०२० च्या वेष्टनविषयक नियमांनुसार ही माहिती इंग्रजीत किंवा देवनागरी हिंदीत दिली की पुरते. दुसरी भाषा ऐच्छिक. महाराष्ट्रात विकल्या जाणाऱ्या वस्तूवर मराठीत इशारा देण्याची सक्ती नाही. जाहिरात मात्र मराठीत होते, गणपतीच्या मांडवाच्या कमानीवर होते, तमाशापटापासून क्रिकेटपर्यंत सर्वत्र होते. विकण्याची भाषा लोकांची आणि सावध करण्याची भाषा साहेबाची, ही विभागणी सहज झालेली नाही. शिवाय शंभर चौरस सेंटिमीटरहून लहान वेष्टनाला पोषणमाहिती छापण्यातून सूट आहे. म्हणजे गरिबाला परवडणारी चिमुकली पुडी जितकी लहान, तितके त्याचे अज्ञान कायदेशीर.

टाळाटाळीचा इतिहास

भारताने २०१३ नंतर जागतिक आरोग्य परिषदेच्या धोरणाला धरून स्वतःसाठी एक उद्दिष्ट ठरवले होते: २०२५ पर्यंत लोकांचे सरासरी मीठसेवन तीस टक्क्यांनी घटवावयाचे. ते वर्ष आले आणि गेले. मधल्या काळात काय घडले, याचा क्रम उद्बोधक आहे.

२००६ च्या अन्नसुरक्षा कायद्याखाली स्थापन झालेल्या अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाने २०१८ मध्ये एक मसुदा काढला. ज्या पदार्थात मीठ, साखर किंवा चरबी ठरावीक प्रमाणापेक्षा जास्त, त्याच्या दर्शनी बाजूवर लाल खूण असावी, असा त्याचा आशय होता. उद्योगांनी आरडाओरड केली. त्याच वर्षी मसुद्याच्या फेरविचारासाठी डॉ. बी. शेशिकरण यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली. २०१९ मध्ये नवा मसुदा आला. २०२० मध्ये वेष्टनाचे नियम अखेर जाहीर झाले, तेव्हा दर्शनी खुणेचे प्रकरण त्यातून गळून पडलेले होते. सप्टेंबर २०२२ मध्ये तिसरा अवतार प्रकटला: लाल खुणेऐवजी तारे. अर्ध्या ताऱ्यापासून पाच ताऱ्यांपर्यंत प्रत्येक पदार्थाला गुण द्यावयाचे. म्हणजे जेथे धोक्याचा कंदील हवा, तेथे शाबासकीचे पदक. या हिशेबात पदार्थात थोडी डाळ, थोडा सुकामेवा घातला की मिठाचे पाप काही अंशी धुऊन निघते, आणि खारट पदार्थही एक-दोन तारे छातीवर लावून मिरवू शकतो. वाईट वस्तूला वाईट म्हणण्याची सोय त्या पद्धतीत मुळातच नव्हती. ग्राहक संघटनांनी आणि सार्वजनिक आरोग्याच्या अभ्यासकांनी विरोध केला तो यासाठीच. जुलै २०२४ मध्ये मीठ, साखर व संपृक्त चरबीचे आकडे ठळक आणि मोठ्या अक्षरांत छापण्याचा प्रस्ताव पुढे आला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. ९ एप्रिल २०२५ रोजी न्यायालयाने तज्ज्ञसमितीने तीन महिन्यांत शिफारशी द्याव्यात असा आदेश दिला. तीन महिने संपले, सरकारने मुदत मागितली, ती वाढवून मिळाली. ते सालही सरले, पण पाकिटाच्या दर्शनी भागावर इशारा आला नाही.

याच सरकारी यंत्रणेने मनात आणले तेव्हा काय केले, तेही पाहावे. तेला-तुपातील ट्रान्स चरबीचे प्रमाण जानेवारी २०२१ पर्यंत तीन टक्क्यांवर आणि जानेवारी २०२२ पर्यंत दोन टक्क्यांवर आणण्याचे बंधन तिने घातले. तारीख ठरली, मर्यादा ठरली, उद्योग बुडाला नाही. मिठाच्या बाबतीत मात्र यंत्रणेने २०१८ मध्ये मोहीम काढली ती 'आज से थोडा कम' अशी. थोडे कमी कोणी खावयाचे? तर ग्राहकाने. ज्याच्या हातात मिठाची बरणी आहे त्या कारखानदाराकडून स्वेच्छेची आश्वासने घ्यावयाची आणि ज्याच्या हातात नुसते फोडलेले पाकीट आहे त्याला संयमाचा उपदेश करावयाचा, ही या मोहिमेमागची नीती. शाळांच्या बाबतीत तर कमालच झाली. २०२० च्या नियमांनी शाळेच्या आवारात आणि भोवतालच्या पन्नास मीटर अंतरात जास्त मीठ, साखर व चरबी असलेल्या पदार्थांच्या विक्रीस मनाई केली. पण 'जास्त' म्हणजे किती, याचा आकडा नियमात कोठे घातला नाही. आकडा नसलेली मनाई कोणत्या निरीक्षकाने कोणत्या दुकानदारावर बजावावी?

सप्टेंबर २०२५ मध्ये वस्तू व सेवा करात बदल झाले आणि पाकिटबंद शेव-भुजिया-नमकीन यांवरील कर बारा टक्क्यांवरून पाचवर आला. अप्रत्यक्ष कर गरिबाच्या अन्नावर नसावा, ही समाजवाद्यांची जुनी मागणी आहे आणि त्या तत्त्वाने कर उतरण्याबद्दल तक्रार नाही. तक्रार आहे ती ही की, कमी मीठ आणि जास्त मीठ असा भेद करण्याची आयती संधी सरकारच्या हाती असताना त्याने ती वाया घालवली. त्याच वर्षाच्या आरंभी संसदेपुढे ठेवलेल्या आर्थिक पाहणीत अतिप्रक्रिया केलेल्या पदार्थांवर दर्शनी इशारे आणि कठोर नियमन हवे, असे सरकारच्याच अर्थसल्लागारांनी लिहिले होते. डाव्या हाताने लिहावयाचे आणि उजव्या हाताने पुसावयाचे, असा हा कारभार आहे.

आक्षेप आणि त्यांची उत्तरे

नियमनाविरुद्धचे काही आक्षेप भाडोत्री असले तरी काही प्रामाणिक आहेत, आणि कार्यकर्त्यांना त्यांची उत्तरे देता आली पाहिजेत.

पहिला आक्षेप: भारतात बहुतेक मीठ घरच्या स्वयंपाकातून पोटात जाते, पाकिटांतून नव्हे. हे खरे आहे, आणि ते नाकारण्याचे कारण नाही. पण घरच्या मिठावर घरच्या माणसाची सत्ता आहे. डॉक्टरांनी सांगितले तर ते उद्यापासून कमी करता येते. पाकिटातले मीठ कमी करण्याचा अधिकार खाणाऱ्याला नाही. उपदेश घरासाठी आणि कायदा कारखान्यासाठी, अशी ही साधी वाटणी आहे. शिवाय चाकणच्या खोल्यांत राहणाऱ्या कामगाराची गणना राष्ट्रीय सरासरीत करणे म्हणजे घर असलेल्याचा हिशेब घर नसलेल्याला लावणे होय. आणि रोग वाढून बसल्यावर कायदा करावयाचा, तर ब्रिटनसारखी अवस्था व्हावयाची, जेथे सुमारे तीन चतुर्थांश मीठ तयार अन्नातून येऊ लागल्यावर सरकारला जाग आली.

दुसरा आक्षेप: मीठ कमी केले तर लोक खाणार नाहीत, धंदा बसेल. याचे उत्तर त्याच ब्रिटनने दिले आहे. तेथील अन्नमानक संस्थेने पदार्थागणिक लक्ष्ये ठरवून, त्यांवर सार्वजनिक पहारा ठेवून पाव आणि इतर पदार्थांतील मीठ हळूहळू उतरवले. दिवसाचे सरासरी सेवन शतकाच्या आरंभीच्या ९.५ ग्रॅमवरून २०११ मध्ये ८.१ ग्रॅमवर आले. चव बदलल्याची ओरड झाली नाही, कारण जिभेला कळणार नाही इतक्या धीम्या गतीने ते घडले. त्या वर्षी हे काम उद्योगांच्या स्वेच्छेच्या कराराकडे सोपवण्यात आले आणि प्रगती मंदावली. धडा दुहेरी आहे: मीठ उतरवता येते, आणि पहारा उठला की उतरणे थांबते. दक्षिण आफ्रिकेने हा धडा ओळखून २०१६ पासून पाव, वेफर इत्यादींतील सोडियमला कायद्यानेच मर्यादा घातली. फिनलंडने १९९३ मध्येच 'जास्त मीठ' असा इशारा सक्तीचा केला. चिलीने २०१६ पासून काळी अष्टकोनी खूण आणली. चिलीत ही काळी खूण मुकाट्याने छापणाऱ्या बहुराष्ट्रीय कंपन्या भारतात मात्र तिने ग्राहक गोंधळेल असे सांगतात. चिलीच्या ग्राहकाला जे समजते ते भारतीय ग्राहकाला समजणार नाही, असे मानणाऱ्यांच्या मनातली वसाहत अजून सुटलेली नाही.

तिसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: कडक नियम आले की बडे उद्योग प्रयोगशाळा उभारून निभावून नेतात, आणि मरतो तो छोटा फरसाणवाला, मरतात महिला बचत गट. ही भीती खोटी नाही; आयोडीनच्या सक्तीत लहान मीठ उत्पादकांचे काय झाले, हे कोकणातल्या मिठागरांना विचारावे. म्हणूनच नियमनाचा क्रम महत्त्वाचा. १९५९ साली गिरगावात सात स्त्रियांनी ऐंशी रुपयांच्या उसनवारीवर सुरू केलेल्या पापडाच्या सहकारी उद्योगाला आणि अब्जावधींची उलाढाल करणाऱ्या कंपनीला एकाच दिवशी एकाच फूटपट्टीने मोजू नये. पापड आणि लोणचे तोंडी लावण्याचे पदार्थ आहेत; कोणी त्यांनी पोट भरत नाही. मर्यादा आधी बड्या उत्पादकांना, आधी पोट भरण्यासाठी खाल्ल्या जाणाऱ्या पदार्थांना लागू व्हाव्यात. लहानांना अधिक मुदत, सरकारी प्रयोगशाळेतून विनाशुल्क तपासणी आणि कृती बदलण्यास तांत्रिक मदत मिळावी. लहानाची ढाल करून मोठ्याने लपावे, हा डाव ओळखला पाहिजे.

चौथा आक्षेप कारखान्यातूनच ऐकू येतो: भट्टीपुढे घाम गाळणाऱ्याला मीठ लागते. ओतकाम आणि घडकाम करणाऱ्या कामगाराच्या घामातून मीठ जाते, हे खरे. पण त्यावर उपाय म्हणजे हवा खेळती ठेवणे, थंड पाण्याची आणि विश्रांतीची सोय करणे, आणि कारखान्याच्या डॉक्टरच्या सल्ल्याने लागेल तेवढे मीठ ताकातून वा सरबतातून मालकाने पुरवणे. घामाच्या नावाने वेफरची पाकिटे खपवणे हा उपाय नव्हे.

खर्च कोणाचा?

अर्थशास्त्रज्ञ के. विल्यम कॅप यांनी १९५० मध्ये खासगी उद्योगांच्या सामाजिक खर्चाचा सिद्धान्त मांडला: उद्योग आपल्या उत्पादनाचा काही खर्च स्वतः न सोसता समाजावर ढकलतो, आणि तेवढ्याने त्याचा नफा फुगतो. धुराड्याच्या धुराला आणि नदीत सोडलेल्या सांडपाण्याला हा सिद्धान्त लावावयास लोक शिकले आहेत. पवना आणि इंद्रायणी यांच्या काठी राहणाऱ्यांना तो वेगळा शिकवावा लागत नाही. पाकिटातले मीठ हे त्याच जातीचे सांडपाणी आहे. फरक इतकाच की ते नदीऐवजी माणसाच्या रक्तात सोडले जाते.

चाळिशीतल्या कामगाराला अर्धांगवायूचा झटका येतो, तेव्हा त्याची किंमत कोण देतो? त्याचे वेतन २०१७ मध्ये ठरलेल्या एकवीस हजारांच्या मर्यादेत असेल तर कर्मचारी राज्य विमा योजना देते, म्हणजे त्याच्याच वेतनातील कपात आणि मालकाची वर्गणी. पण आजारपणाच्या रजेचा लाभ मिळण्यास सहा महिन्यांच्या वर्गणीकाळात अठ्ठ्याहत्तर दिवसांची वर्गणी भरलेली असावी लागते. ठेकेदार बदलला, मधे खंड पडला, ठेकेदाराने वर्गणी भरलीच नाही, की कामगार विम्याबाहेर. मग महापालिकेचे यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय, नाही तर गावची जमीन विकून खासगी दवाखाना, आणि अखेरीस ज्या गावातून तो आला त्या गावातली त्याची बायको. नफा खासगी, रोग सार्वजनिक आणि सेवा स्त्रीची, असे हे वाटप आहे. राज्यघटनेच्या ४७ व्या अनुच्छेदाने लोकांचे पोषण आणि सार्वजनिक आरोग्य सुधारणे हे राज्याचे प्राथमिक कर्तव्य मानले आहे. जे राज्य हे वाटप उघड्या डोळ्यांनी चालू देते, ते तटस्थ नसते. त्याने पक्ष घेतलेला असतो.

करावयाचे काय?

मागण्या स्पष्ट असाव्यात. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये साठाहून अधिक पदार्थगटांसाठी सोडियमची मानके जाहीर केली. बटाट्याच्या वेफरसाठी ते शंभर ग्रॅममागे ५०० मिलिग्रॅम आहे. त्या धर्तीवर भारतीय पदार्थांसाठी कायदेशीर कमाल मर्यादा आणि त्या गाठण्याच्या तारखा जाहीर कराव्यात. तारे नकोत, इशारा हवा. तो दर्शनी बाजूवर, मोठ्या अक्षरांत आणि महाराष्ट्रात विकल्या जाणाऱ्या मालावर मराठीत हवा. 'सोडियम' नव्हे, 'मीठ' हा शब्द हवा. लहान पुड्यांची सूट रद्द व्हावी. शाळांविषयीच्या नियमांत आकडे घालावेत. पुण्याच्या राज्य आरोग्य प्रयोगशाळेसारख्या संस्थांना मनुष्यबळ देऊन नमुने नियमित तपासावेत आणि निष्कर्ष कंपनीच्या नावासह वर्तमानपत्रांत छापावेत.

पण दिल्लीतील समितीच्या अहवालाची वाट पाहत बसणे हे कार्यकर्त्यांचे काम नव्हे. या पट्ट्यात कामगारांच्या हाती एक साधन आजच आहे, ते म्हणजे उपाहारगृह. नोव्हेंबर २०२५ मध्ये अमलात आलेल्या नव्या श्रमसंहितेवर समाजवादी चळवळीचे आक्षेप आहेत आणि ते राहतील. पण जेथे शंभर किंवा त्याहून अधिक कामगार आहेत तेथे उपाहारगृह असावे, आणि ही संख्या मोजताना कंत्राटी कामगारही धरावेत, अशी तरतूद तीत आहे. पूर्वी कायद्याची रेषा अडीचशेच्या वर होती. ही तरतूद कागदावर राहू नये यासाठी युनियनांनी उपाहारगृहाचा प्रश्न वेतनकराराच्या मागण्यांत घालावा: रात्रपाळीलाही गरम जेवण, कंत्राटी कामगाराला त्याच दरात तेच ताट, आणि जेवणाच्या जागी पाकिटांची यंत्रे नकोत. डाळ, भात, भाकरी, उसळ वेळेवर मिळाली तर पाकिटाची निम्मी बाजारपेठ आपोआप आटते. वस्त्यांमधून स्त्रियांच्या गटांनी चालवलेल्या खानावळींना महापालिकेने जागा द्यावी. बचत गटांच्या नावाने अश्रू ढाळणाऱ्यांची तेथे परीक्षा होईल. आणि प्रत्येक शाखेने आपल्या भागातील दुकानांत मिळणारी वीस पाकिटे घेऊन त्यांवरील सोडियमचा आकडा मिठाच्या ग्रॅममध्ये उतरवावा आणि तो तक्ता मराठीत, मोठ्या अक्षरांत, कारखान्याच्या दारावर लावावा. सरकार जे छापत नाही ते छापण्यास कोणाची परवानगी लागत नाही.

हे काम क्षुल्लक आहे, क्रांतीच्या मार्गावर मिठाचा हिशेब कशाला, असे काही जणांना वाटेल. १९३० च्या फेब्रुवारीतही पुष्कळ शहाण्या पुढाऱ्यांना असेच वाटले होते. मीठ निवडण्यामागचा विचार हा होता की, ते सर्वांच्या ताटात असते आणि त्यामुळे सत्ता कोणाच्या ताटापर्यंत पोहोचली आहे, हे त्यातून सर्वांना एकदम कळते. खाल्ल्या मिठाला जागावे, असे मराठी माणूस नोकराला पिढ्यान् पिढ्या सांगत आला. आता तो प्रश्न मीठ घालणाऱ्याला आणि त्याला मोकळे सोडणाऱ्या सरकारला विचारण्याची वेळ आली आहे. कामगाराच्या श्रमावर आणि त्याच्या भुकेवर जे पोसले, त्यांनी त्याच्या रक्ताशी इमान राखावे. ते राखत नसतील, तर कायद्याने राखावयास लावावे.